नऊशे ग्रॅम

दुकानात दोघे शेजारी उघडे होते,
एक पातळ, घाईत मिटायचं राहून गेलेल्या पाकिटासारखा,
दुसरा करडा, रुंद,
खांद्याने दार ढकलत आत येणाऱ्या माणसासारखा.
बाल्तासार नावाचा पोरगा म्हणाला, उचलून तर बघा.
उचलले. एक किलो दोनशे. दोन किलो शंभर.
"चार्जर वेगळा," तो हळूच म्हणाला
आणि रुंद्याच्या किमतीवर अंगठा ठेवून उभा राहिला,
डॉक्टरने रिपोर्ट झाकावा तसा.

सहा लाख नव्वद हजार पेसो.
साडेसतरा लाख पेसो.
मधल्या फटीत माझं चार महिन्यांचं भाडं मावतं,
वर आईची नवी कवळी.

घर माझं वाल्पाराइसोच्या टेकडीवर,
दोनशे चौदा पायऱ्या.
रुळांवरून चढणारी लिफ्ट तीन वर्षं बंद,
दारावर पाटी, 'लवकरच',
आता पाटीचाही रंग उडाला.
कंबर सत्तेचाळीस वर्षांची.
तिचा जाहिरातींवर कधीच विश्वास नव्हता.

म्हणून खाली बाजारात गेले.
उबाल्दिनाला म्हटलं, बटाटे दे, बरोबर नऊशे ग्रॅम.
ती सवयीने किलो तोलू लागली.
नाही, म्हटलं, नऊशेच. वर एकही नको.
तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे:
"कुणाचं औषध आहे का?"
नऊ बटाटे, मातीसकट.
जुना लॅपटॉप नेमका हलक्याच्याच वजनाचा,
त्याच्याजवळ पिशवीत घातले
आणि आठवडाभर वागवले.

अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर दोन एवारिस्तो बसतो,
बंदरातल्या जहाजांना हात करतो,
ती त्याला ओळखत नसली तरी.
सोमवारी म्हणाला, काय आणलंस?
बटाटे.
मंगळवारी: आज?
तेच बटाटे.
बुधवारी काही विचारलं नाही, नुसती टोपी काढली,
दुखवट्याला काढतात तशी.

रात्री जुन्या मशीनवर भावाने आणलेलं चित्रण लावते:
ओहोटीत समुद्रशैवाल कापणाऱ्या बाया,
पाठीवर ओले भारे,
किती किलो, ते कुणी मोजत नाही.
मध्येच पडदा थिजतो.
ऑर्फेलिना विळा उगारून उभी,
चाळीस सेकंद, कधी मिनिटभर,
लाट तिच्या गुडघ्याशी येऊन अडलेली.
पंखा घरघरतो, टेबल तापतं.
त्या मिनिटांत मी काय काय उरकलंय!
मोजे रफू केले, आईला फोन केला,
एकदा तर पोटभर रडून,
लाट फुटायच्या आत तोंडही धुऊन आले.
वेगवान मशीन आलं
तर हे सगळं कधी करायचं, कोण जाणे.
पण ऑर्फेलिनाचा हात दुखत असेल.

गुरुवारी आई आली, चार बटाटे उकडले.
हिशेब तिथेच फसला.
एक शेजारच्या पोरीने नेला,
तिला शाळेत शिक्का कोरायचा होता.
शुक्रवारी पिशवीत चारशे ग्रॅम आणि माती,
तरी अठ्ठ्याऐंशीपाशी धाप लागली ती तेवढीच.
म्हणजे दम लागतो तो पायऱ्यांचा,
बटाटे त्यापुढे पासंगालाही पुरत नव्हते.
इतक्या साध्या गोष्टीसाठी
मी आठवडाभर माती वाहिली.

शनिवारी बाल्तासारने अंगठा उचलला.
किंमत तीच होती.

वर येताना एवारिस्तोने विचारलं, बटाटे?
नाही, म्हटलं.
त्याने पाहिलं:
मी पिशवी दोन्ही हातांनी टेकवत होते,
आधी एक कोपरा, मग दुसरा,
पायरीवरची वाळू फुंकून.
तो सरकला, माझ्यासाठी नव्हे, पिशवीसाठी,
आणि आवाज खाली करून म्हणाला,
बस जरा. ते लाल जहाज आत्ता निघेल.

निघालं. आम्ही दोघांनी हात केला.
आईला काय सांगायचं
ते उरलेल्या एकशे सव्वीस पायऱ्यांत ठरवू.